आजारपणाचा भत्ता मिळतोय, मग दातांचं बिल माफ का नाही?

प्रश्न असा आहे: आम्ही इंग्लंडमध्ये स्लावला राहतो. नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर, मी डिपेंडंट. त्याला लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) झालाय, केमो चालू आहे. नोकरी आहे पण पगार बंद. स्टॅच्युटरी सिक पे (आजारपणात कंपनीने कायद्याने द्यायचा पगार) संपला आणि आता न्यू स्टाइल ईएसए (एम्प्लॉयमेंट अँड सपोर्ट अलाउन्स, आजारपणाचा सरकारी भत्ता) मिळतो. मी एका नर्सरीत पार्ट टाइम काम करते. दोन महिन्यांपूर्वी एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) डेंटिस्टकडे त्याच्या दाढा भरून घेतल्या, ७५.३० पौंड दिले. आता एका दाढेवर कॅप बसवायची म्हणतात, त्याचे ३२६.७० पौंड. मैत्रीण म्हणाली, डेंटिस्टच्या फॉर्मवर ईएसएच्या चौकटीत खूण कर, पैसे पडत नाहीत. औषधं फुकट मिळण्याचं मेडिकल एक्झेम्प्शन सर्टिफिकेटही त्याच्याकडे आहे. ते दाखवलं तर चालेल का? आणि असं काही मागितलं तर व्हिसाला धक्का लागेल का?

ताई, आधी घाईचं सांगते. तुम्ही भरलेले ७५.३० पौंड परत मागता येतील, पण त्याची मुदत पैसे भरल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांची आहे आणि तुमचे दोन गेलेत. त्यासाठी एचसी-५ (डी) नावाचा फॉर्म असतो, त्यातला डी डेंटलचा. सोबत पावती लागते. पावती हरवली असेल तर उद्याच रिसेप्शनवर जाऊन दुसरी मागा, आणि उपचार एनएचएसचा होता हे तिच्यावर दिसतंय ना, ते तिथेच बघून घ्या. एचसी-५ एकटा पाठवून उपयोग नाही, त्याच्याबरोबर एचसी-१ भरायचा. या एचसी-१ बद्दलच पुढे बरंच सांगायचंय, कारण तुमच्या घरासाठी खरा मार्ग तोच आहे.

आता मैत्रिणीचा सल्ला. तिने वाईट हेतूने सांगितलं नसेल. बहुधा तिच्या ओळखीच्या कुणाला पूर्वी ईएसएवर दातांचे पैसे पडले नव्हते, आणि ते खरंही असेल. पण ईएसए दोन प्रकारचा. एक ‘इन्कम-रिलेटेड’, म्हणजे घरातलं उत्पन्न आणि बचत तपासून दिलेला. दुसरा पगारातून कापल्या जाणाऱ्या नॅशनल इन्शुरन्सच्या हप्त्यांवर मिळणारा. त्याला पूर्वी ‘कॉन्ट्रिब्युशन-बेस्ड’ म्हणत, आता नव्याने मिळतो तो ‘न्यू स्टाइल’. दातांचा खर्च माफ होतो तो फक्त पहिल्या प्रकारावर. त्यासाठी आता नवा अर्जही करता येत नाही, आणि ज्यांना तो मिळत होता त्यांना युनिव्हर्सल क्रेडिट या कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी मदतीवर हलवलं गेलंय. तुमच्या नवऱ्याचा दुसऱ्या प्रकारचा. फॉर्मवरच्या त्या चौकटीसमोर ‘इन्कम-रिलेटेड’ हा शब्द छापलेला असतो, रिसेप्शनवर दिलेल्या टॅबलेटवर घाईत बोट फिरवताना तो डोळ्यांत भरत नाही इतकंच.

खूण केली तर काय होतं? रिसेप्शनवर कुणी अडवत नाही, आणि लोक फसतात ते तिथेच. तपासणी नंतर होते. एनएचएस बिझनेस सर्व्हिसेस अथॉरिटी ही संस्था सरकारी नोंदींशी ताडून बघते आणि काही महिन्यांनी घरी पत्र येतं. मूळ फी तर भरावी लागतेच, वर तिच्या पाचपट, पण कमाल १०० पौंड, इतका दंड. मुदतीत भरला नाही तर आणखी ५० पर्यंत अधिभार. तुमच्या कॅपवर हे झालं असतं तर ३२६.७० चे ४२६.७० झाले असते. असं पत्र आलेलं कुणी हे वाचत असेल तर त्यांनी गप्प बसू नये. पत्राला उत्तर द्यावं, आणि चूक निष्काळजीपणाने झाली नाही हे पटवून देता आलं तर दंड उठतो. जीपीने (फॅमिली डॉक्टरने) किंवा जॉबसेंटरने (सरकारी भत्त्यांचं कार्यालय) चुकीची माहिती लेखी दिली असेल तर तो कागद जोडावा. मूळ फी मात्र सुटत नाही.

मेडिकल एक्झेम्प्शन सर्टिफिकेटचंही तेच. कॅन्सर, इन्सुलिन किंवा गोळ्यांवर असलेला मधुमेह, फिट्स, थायरॉइड कमी असणं अशा ठरावीक आजारांसाठी ते मिळतं आणि त्यावर औषधं फुकट होतात. दातांना ते लागू नाही. पीआयपी (अपंगत्व किंवा दीर्घ आजारासाठीचा भत्ता), स्टॅच्युटरी सिक पे, केअरर्स अलाउन्स यांपैकी कशानेही डेंटिस्टची फी आपोआप माफ होत नाही. माणूस किती आजारी आहे याकडे दातांच्या फीचे नियम बघतच नाहीत. ते बघतात घरात पैसे किती येतात. गरोदर बाई, बाळंतपणानंतरचे बारा महिने आणि अठरा वर्षांखालची मुलं (पूर्णवेळ शिकत असतील तर एकोणीस) हे मुख्य अपवाद. कॅन्सरवर केमो घेणाऱ्या माणसाला फी पडते आणि धडधाकट गरोदर बाईला पडत नाही, हे मला आजही विचित्र वाटतं, पण नियम आहे तो असा.

तर एचसी-१. ‘एनएचएस लो इन्कम स्कीम’चा हा अर्ज. ऑनलाइन भरता येतो, कागदी फॉर्म जॉबसेंटरमध्ये किंवा हॉस्पिटलमध्ये मिळतो. अर्ज मंजूर झाला तर दोनपैकी एक प्रमाणपत्र येतं. एचसी-२ आलं तर एनएचएसची दातांची फी पूर्ण माफ. एचसी-३ आलं तर त्यावर एक रक्कम लिहिलेली असते, जास्तीत जास्त तेवढे तुम्ही भरायचे, उरलेले माफ. एचसी-३ आलं म्हणजे अर्ज फेटाळला असं समजून लोक ते खणात टाकतात. तसं करू नका. ३२६.७० च्या कॅपवर एचसी-३ सुद्धा बरेच पैसे वाचवू शकतं.

हिशोब कसा करतात ते समजून घ्या, म्हणजे आपण कुठे बसतो याचा अंदाज येईल. दोघांचं मिळून आठवड्याचं उत्पन्न एका बाजूला: त्याचा ईएसए आणि तुमचा हातात येणारा पगार. दुसऱ्या बाजूला तुमच्यासारख्या कुटुंबाला जगायला किती लागतं याचा सरकारने ठरवलेला आकडा, अधिक घरभाडं, अधिक काउन्सिल टॅक्स. घर स्वतःचं असेल तर भाड्याऐवजी मॉर्गेजचा हप्ता. उत्पन्न या गरजेपेक्षा कमी किंवा अगदी थोडंच जास्त असेल तर एचसी-२. स्लावमधलं भाडं काय आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. इथे तेच भाडं तुमच्या बाजूने उभं राहतं. नवरा ईएसएवर आणि बायको पार्ट टाइम, वर एवढं भाडं, अशा घराचा अर्ज मी तरी भरल्याशिवाय सोडला नसता. मात्र गावी आई-वडिलांना दरमहा पाठवता ते पैसे, क्रेडिट कार्डाचे हप्ते, गाडीचं कर्ज हे यात खर्च म्हणून धरत नाहीत. त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

आपली माणसं जिथे अडखळतात ती जागा दुसरीच आहे: बचत. दोघांची मिळून बचत आणि मालमत्ता १६,००० पौंडांहून जास्त असेल तर या योजनेत काहीही मिळत नाही. ६,००० पासून १६,००० पर्यंत असेल तर ६,००० च्या वरच्या प्रत्येक २५० पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न आहे असं मानतात. आणि यात भारतातलंही सगळं आलं. पुण्यातल्या बँकेतली एफडी, एनआरओ खात्यातली शिल्लक, शेअर, म्युच्युअल फंड, भाड्याने दिलेला फ्लॅट. ‘ते तिकडचं आहे, इथे कोण विचारतंय’ असं अगदी शिकलेसवरलेले लोक म्हणतात. फॉर्म विचारतो, आणि खाली तुमची सही असते. ज्या घरात तुम्ही राहता ते धरत नाहीत, पण कोथरूडला घेऊन ठेवलेल्या फ्लॅटमध्ये तुम्ही राहत नाही. वडिलोपार्जित जमिनीत भावांबरोबर हिस्सा असेल तर तो लिहा आणि सोबत साध्या इंग्रजीत चिठ्ठी जोडा, की सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत, वाटणी झालेली नाही, विकायला सगळ्यांची संमती लागते. अशा हिश्श्याची किंमत काय धरायची ते त्यांना ठरवू द्या. वडिलांच्या पैशांची वडिलांच्या नावावरची एफडी तुमची नाही, मग त्यावर तुम्ही नॉमिनी का असेना. आणि हो, लग्नातल्या पाटल्या-बांगड्या लिहायच्या का, हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरात विचारतात. वापरातले दागिने हे वैयक्तिक सामान, ते मोजत नाहीत. बचत कमी दिसावी म्हणून अर्जाच्या तोंडावर सोनं घेतलं तर गोष्ट वेगळी.

व्हिसाची भीती. तुमच्या दोघांच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी भत्ते घेता येणार नाहीत, असं लिहिलेलं असणार. पब्लिक फंड कशाला म्हणायचं याची यादी इमिग्रेशनच्या नियमांत दिलेली आहे. युनिव्हर्सल क्रेडिट, पीआयपी, हाउसिंग बेनिफिट, चाइल्ड बेनिफिट, काउन्सिल टॅक्स रिडक्शन त्या यादीत आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका. एनएचएस लो इन्कम स्कीम त्या यादीत नाही. इथे शिकायला आलेली कितीतरी भारतीय मुलं स्टुडंट व्हिसावर एचसी-२ घेतात. न्यू स्टाइल ईएसए देखील हप्त्यांवर मिळतो म्हणून यादीत नाही, त्यामुळे तो घेण्यातही तुमच्या नवऱ्याने काही चुकीचं केलेलं नाही. उलट बाजूही सांगते: व्हिसासोबत दर वर्षामागे भरलेला हेल्थ सरचार्ज, सध्या प्रौढ माणशी १,०३५ पौंड, दातांची फी भागवत नाही. तो भरला म्हणजे जीपी आणि हॉस्पिटल खुलं झालं, डेंटिस्टकडे मात्र इथल्या लोकांसारखीच फी. लांबलेल्या बिनपगारी आजारपणाचा स्पॉन्सरशिपवर काय परिणाम होईल हा निराळा विषय आहे. त्यासाठी नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागार गाठा, व्हॉट्सॲप ग्रुप नको.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) किंवा नागरिकत्व मिळालंय त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी आजारपणात युनिव्हर्सल क्रेडिट बसतंय का ते आधी बघावं. युनिव्हर्सल क्रेडिटच्या शेवटच्या पूर्ण झालेल्या महिन्यात घरातली हातात आलेली कमाई ४३५ पौंड किंवा कमी असेल तर दातांची फी माफ. क्रेडिटमध्ये मुलाचा भाग असेल, किंवा आजारामुळे काम करण्याची क्षमता मर्यादित आहे असा निर्णय झालेला असेल, तर ही मर्यादा ९३५ पौंड. जोडप्याची कमाई एकत्र धरतात. एखाद्या महिन्यात ओव्हरटाइममुळे मर्यादा ओलांडली तर त्या वेळी सूट नाही, म्हणून डेंटिस्टकडे जाण्याआधी आपल्या ऑनलाइन खात्यातलं स्टेटमेंट बघून जावं. मर्यादेच्या वर गेलेल्यांनाही एचसी-१ खुला असतो, हे फार कुणी सांगत नाही.

आता तुमची कॅप. डेंटिस्टला एकच प्रश्न विचारा: ही कॅप आधीच्याच उपचारातली आहे की नवा उपचार? इंग्लंडमध्ये एनएचएसची फी दाताप्रमाणे किंवा भेटीप्रमाणे नसते, उपचाराच्या एका पूर्ण फेरीला एक फी असते. एप्रिल २०२५ पासूनच्या दराने तपासणी आणि एक्स-रे बँड १ मध्ये २७.४० पौंड, दाढ भरणं, रूट कॅनाल, दात काढणं बँड २ मध्ये ७५.३०, कॅप, कवळी, ब्रिज बँड ३ मध्ये ३२६.७०. दर एप्रिलला हे दर बदलू शकतात. बँड ३ मध्ये खालचं सगळं धरलेलं असतं. डेंटिस्टने पहिली फेरी बंद केलेली नसेल आणि तीच पुढे वाढून कॅपपर्यंत गेली असेल तर एकूण ३२६.७० च होतात, म्हणजे भरलेले ७५.३० त्यातून वजा. फेरी बंद करून नवी उघडली असेल तर दोन्ही मिळून ४०२ पौंड. फेरी संपल्यावर दोन महिन्यांच्या आत त्याच किंवा खालच्या बँडचं आणखी काम निघालं तर पुन्हा फी पडत नाही, पण कॅप वरच्या बँडची असल्याने ती सवलत तुम्हाला इथे मिळणार नाही. भरलेली दाढच वर्षाच्या आत बिघडली असेल तर तेही सांगा. फिलिंग, रूट कॅनाल, कॅप यांची बारा महिन्यांची हमी असते.

बँड २ आणि ३ साठी डेंटिस्टने लेखी ट्रीटमेंट प्लॅन द्यायचा असतो. तो मागून घ्या, आणि त्यावर एनएचएसचं काम कोणतं, प्रायव्हेट कोणतं, ते बघा. एचसी-२ हातात असलं तरी प्रायव्हेट कामाला त्याचा उपयोग शून्य. ‘एनएचएसची कॅप तितकी चांगली दिसत नाही’ असं म्हणून प्रायव्हेटकडे वळवलं जातं तेव्हा मागच्या दाढेचं दिसणं कुणाला बघायचंय, असा प्रश्न मनात विचारावा.

कॅपची घाई आहे का, हेही विचारा. तात्पुरतं भरून काही आठवडे काढता येत असतील तर तेवढ्यात एचसी-१ चा निकाल हातात घ्या आणि मगच बँड ३ सुरू करा. थांबता येत नसेल तर पैसे भरा, पावती जपा आणि पुन्हा तीन महिन्यांच्या आत एचसी-५. परतावा देताना पैसे भरले त्या दिवशीची परिस्थिती बघतात, त्यामुळे त्या दिवसाच्या आसपासच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि बँक स्टेटमेंट वेगळी काढून ठेवा.

केमो चालू असताना डेंटिस्टच्या खुर्चीत बसण्याआधी ऑन्कॉलॉजीच्या नर्सला फोन करायचाच. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी असताना दात काढणं किंवा रूट कॅनाल करणं धोक्याचं. दोन सायकलच्या मध्ये योग्य आठवडा कोणता ते त्या सांगतात. त्यांनाच आणखी एक विचारा, की हे काम हॉस्पिटलच्या दंतविभागात होऊ शकेल का. हॉस्पिटलमधल्या दंतविभागाच्या उपचाराला फी नसते, कवळी किंवा ब्रिजसारख्या वस्तूंना मात्र पडू शकते. प्रत्येक रुग्णाला तिकडे घेत नाहीत, पण विचारल्याशिवाय तर नाहीच.

दातांशी थेट संबंध नाही, तरी न सांगता राहवत नाही: केमो घेणाऱ्या किंवा त्यातून सावरणाऱ्या माणसाला ईएसएमध्ये सपोर्ट ग्रुपमध्ये (कामाची अपेक्षाच न ठेवलेल्या आजारी लोकांचा गट) घालण्याची तरतूद आहे. २०२५-२६ च्या दराने सुरुवातीच्या काळात आठवड्याला ९२.०५ पौंड मिळतात, सपोर्ट ग्रुपमध्ये १४०.५५. शिवाय त्या ग्रुपबाहेर हा ईएसए ३६५ दिवसांनी थांबतो, आत असताना थांबत नाही. नवऱ्याला ईएसए-५० फॉर्म (काम करण्याच्या क्षमतेची प्रश्नावली) आलाय का बघा, नसेल तर फोन करून विचारा, आणि कन्सल्टंटचं पत्र जोडा. तसंच एचसी-२ नुसतं दातांपुरतं नाही. चष्म्याच्या तपासणीला चालतं आणि केमोसाठी हॉस्पिटलला जाण्या-येण्याचा खर्च त्यावर परत मिळतो. तुमच्या बाबतीत गाडीभाड्याची रक्कम कदाचित कॅपपेक्षाही जास्त भरेल. तोही दावा तीन महिन्यांच्या आत.

‘त्यापेक्षा पुण्याला जाऊन दात करून येऊ’ हा विचार तुमच्या घरात झालाच असेल, प्रत्येक घरात होतो. ईएसए चालू ठेवून देशाबाहेर साधारण चार आठवडे राहता येतं. ज्या आजारामुळे ईएसए मिळतो त्याच्याच उपचारासाठी जात असाल तर २६ आठवड्यांपर्यंत, पण निघण्याआधी कळवून, कागदांसह; दातांसाठी ती सवलत नाही. परत आल्यावर कॅप निघाली तर तिथली हमी इथे चालत नाही आणि एनएचएसमध्ये नवी फेरी, नवी फी. एरवी मी कुणाला अडवत नाही. केमोच्या मध्यावर विमानप्रवास, वर तिकिटाचे पैसे, एका कॅपसाठी हे मला पटत नाही.

स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये दातांच्या फीची रचना वेगळी आहे (स्कॉटलंडमध्ये तपासणी सगळ्यांनाच मोफत), त्यामुळे वरचे आकडे तिकडच्या नातेवाइकांना पाठवू नका. एचसी-१ मात्र तिकडेही आहे.

फॉर्म भरताना अडलात तर सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या स्थानिक शाखेत वेळ घ्या. जाताना ईएसएचं निर्णयपत्र, तुमच्या अलीकडच्या पगाराच्या चिठ्ठ्या, भाडेकरार, काउन्सिल टॅक्सचं बिल आणि सगळ्या खात्यांची स्टेटमेंट न्या, भारतातलीही. प्रमाणपत्र आलं की त्यावरची तारीख बघा. बहुतेकांना ते बारा महिन्यांचं मिळतं आणि आपोआप नवं येत नाही. संपायच्या महिनाभर आधी पुन्हा अर्ज करायचा. पुढच्या वेळी रिसेप्शनवर टॅबलेट हातात देतील तेव्हा ईएसएची चौकट सोडून द्या, एचसी-२ ची शोधा आणि प्रमाणपत्रावरचा नंबर घाला.